वाचक विचारतात : आभार मानायचे, ते कुणाचे आणि कसे?

या सदराकडे येणाऱ्या टपालात सरकारी कार्यालयांविषयीच्या तक्रारी नेहमीच अधिक असतात आणि त्यांत वावगे काही नाही. यावेळी मात्र निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली काही पत्रे वेगळ्या वळणाची आहेत. ज्यांनी गावासाठी काम केले, मग ते पगारी कर्मचारी असोत की बिनपगारी कार्यकर्ते, त्यांचे ऋण कसे व्यक्त करावे, असे हे वाचक विचारत आहेत. महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे, म्हणून हा अंक त्याच पत्रांसाठी ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्टेंबर २०२५च्या पुरात आमच्या गावाला सीना नदीच्या पाण्याने वेढा दिला. तहसील कार्यालयातील मंडळी, तलाठी, ग्रामसेवक, वायरमन आणि गावातील दहा-बारा तरुण यांनी रात्रभर जागून नदीकाठच्या वस्तीवरील माणसे शाळेत हलवली. गावाने वर्गणी गोळा करून तहसीलदार साहेबांचा जाहीर सत्कार करण्याचे ठरवले असून शाल, श्रीफळ, मानपत्र आणि चांदीची मूर्ती असा बेत आहे. साहेब मात्र तारीख देत नाहीत. गावकऱ्यांना हा मानभंग वाटू लागला आहे. यात चुकते कुणाचे?
— एक निवृत्त शिक्षक, परंडा तालुका, जि. धाराशिव

उत्तर : गुरुजी, आपल्या तहसीलदारांचे काहीच चुकत नाही, आणि गावाची भावनाही खोटी नाही. अडचण नियमाची आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याला शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही आणि आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या जाहीर समारंभाला उपस्थित राहता येत नाही. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा खासगी स्वरूपाचा साधा निरोप समारंभ तेवढा यातून सुटतो. ज्यांचा कार्यालयाशी कामाचा संबंध येतो, अशांकडून किमती भेटवस्तू घेण्यावर तर बंधन आहेच. तहसीलदाराचा संबंध तालुक्यातील प्रत्येक सातबाराशी येतो, तेव्हा वर्गणी देणाऱ्यांपैकी कुणाचा ना कुणाचा फेरफार, रस्त्याचा दावा किंवा नुकसानभरपाईचा अर्ज त्यांच्यापुढे असणारच. आज घेतलेली चांदीची मूर्ती उद्या कुठल्या अर्जात पुरावा म्हणून जोडली जाईल, याचा नेम नसतो. साहेब तारीख देत नाहीत, ती या धास्तीपोटी; हे त्यांना गावाला तोंडावर सांगणेही अवघड जात असेल.

मग करायचे काय? माझ्या मते पहिले काम ग्रामसभेचे आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे; २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा तर गावोगावी रूढच आहेत. त्यांपैकी येत्या सभेत आभाराचा ठराव मांडावा, तो सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत पत्रासोबत जिल्हाधिकाऱ्यांना, उपविभागीय अधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि वायरमनसाठी महावितरणच्या कार्यकारी अभियंत्यांना पाठवावी. (इतिवृत्त लिहिण्याचे काम ग्रामसेवकांकडे असते. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पदनाम बदलले, दप्तर तेच आहे. स्वतःच्या कौतुकाचा ठराव स्वतःच्या अक्षरात उतरवताना हे गृहस्थ संकोचाने तो दोन ओळींत गुंडाळतील, म्हणून मसुदा तुम्हीच लिहून न्या.)

पत्राचा मजकूर कसा असावा, याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सारा फरक तिथेच पडतो. ‘आपल्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यांनी अहोरात्र परिश्रम घेऊन गावाला मोठा आधार दिला’ असे वाक्य असलेली पत्रे मी नोकरीत पुष्कळ पाहिली आणि ती वाचून बाजूला ठेवली गेलेलीही पाहिली. त्याऐवजी असे लिहा : ‘रात्री दीडच्या सुमारास पुलावर पाणी चढले असताना तलाठी स्वतः ट्रॅक्टरवर बसून मळ्यातील वस्तीवर गेले. तेथील बाळंतीण, तिचे आठ दिवसांचे मूल आणि चालता न येणाऱ्या आजी यांना त्यांनी ट्रॉलीत गाद्या घालून शाळेत आणले. निघण्यापूर्वी वायरमननी रोहित्रावरून वस्तीचा वीजपुरवठा बंद केला होता, म्हणून पाण्यात लोंबकळणाऱ्या तारांनी कुणाचा जीव गेला नाही.’ यात कोणी, कुठे, कधी आणि काय केले हे आहे. वर्षअखेरीस कार्यमूल्यमापन अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाला अशा पत्राचा उपयोग होतो, कारण त्याला काहीतरी हाती धरायला मिळते.

हे पत्र तोंडी निरोपासारखे कुणाच्या हाती सोपवू नका. ते आवक शाखेत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. कुणाविरुद्ध निनावी अर्ज आला तरी त्याची नस्ती तयार होते, खुलासा मागवला जातो आणि तो कागद त्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षे फिरतो. चांगल्या कामाचा मात्र बहुधा कागदच तयार होत नाही. बदली झाली की ते नव्या तालुक्यात कुणाला ठाऊकही नसते. एक पथ्य तेवढे पाळा. ज्याचे स्वतःचे प्रकरण त्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे, त्याची सही या पत्रावर पहिली नसावी, नसलीच तर अधिक बरे.

राहिले ते दहा-बारा तरुण. त्यांना वर्तणूक नियम लागू नाहीत. त्यांचा सत्कार खुशाल करा, पण जमलेली वर्गणी शाली आणि स्मृतिचिन्हांवर संपवू नका. चार लाइफ जॅकेट, जाड दोर, दोन चांगल्या बॅटऱ्या आणि एक स्ट्रेचर घेऊन ते ग्रामपंचायतीच्या कपाटात नोंद करून ठेवा आणि त्या कपाटाची किल्ली या मुलांकडे द्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत ‘आपदा मित्र’ या योजनेखाली स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले जाते. त्यासाठी यांची नावे ग्रामपंचायतीने लेखी कळवावीत. त्या पुरात धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत एनडीआरएफच्या बोटी आणि लष्कराची हेलिकॉप्टर आली खरी, परंतु ती पोहोचेपर्यंतचे तास गावातल्याच पोरांनी काढायचे असतात.

प्रश्न : मुलीचा जातीचा दाखला मुदतीच्या आत मिळाला. सेतू केंद्रातून थेट कार्यालयात जाऊन संबंधित लिपिकाला पेढे द्यावेत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. द्यावेत का?
— एक व्यापारी, जालना

उत्तर : देऊ नयेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. वेळेत मिळालेल्या दाखल्यावर पेढ्यांची प्रथा पडली की पेढे न आणणाऱ्याचा दाखला कधी मिळेल, हा प्रश्न उभा राहतो. खिडकीपाशी उभे राहून ‘काम वेळेत झाले, बरे वाटले’ एवढे म्हणा. त्याने त्या लिपिकाचा दिवस चांगला जाईल.

प्रश्न : आमच्या वस्तीवरील आशाताई माझ्या दोन्ही बाळंतपणांत सोबत होत्या. दुसऱ्या वेळी तर रात्री १०८ची रुग्णवाहिका बोलावून त्या अंबाजोगाईच्या रुग्णालयात माझ्याबरोबर आल्या. मी त्यांना साडी घेणार आहे म्हटल्यावर माझे दीर म्हणाले, ‘सरकार त्यांना पगार देते, वेगळे आभार कशाला?’ तुम्हाला काय वाटते?
— एक गृहिणी, परळी तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, दिरांना पहिली गोष्ट ही सांगा की आशा सेविकेला पगार नसतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हाच ‘आशा’ ही गावातलीच, साधारण हजार लोकवस्तीमागे एक, मानसेवी कार्यकर्ती असेल असे ठरले. प्रसूती रुग्णालयात झाली, बाळाचे लसीकरण पूर्ण झाले, क्षयरुग्णाचा औषधोपचार पार पडला, अशा एकेका कामामागे तिला मोबदला मिळतो. राज्य शासन त्यात आपली भर घालते. हा मोबदला वेळेवर मिळावा आणि वाढावा म्हणून या बायकांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागले आहे. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार दिला, त्या वर्षीही त्यांची मागणी हीच होती.

त्यांचे काम देशाच्या हिशेबात कुठे मोजले जाते, हे पाहायचे असेल तर पोलिओकडे पाहा. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे प्रमाणपत्र दिल्लीत स्वीकारले गेले, पण त्यामागचे काम कुणाच्या पायांनी झाले? रविवारी बूथ लावायचा आणि सोमवारपासून सुटलेल्या मुलांसाठी दारोदार फिरायचे. निळ्या डब्यात बर्फाच्या पट्ट्या, त्यात लसीच्या कुप्या. कुपीच्या लेबलावर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. चौकोन रंगाने वर्तुळाइतका गडद झाला की लस उष्णतेने निकामी झाली असे समजून कुपी बाजूला टाकावी लागते. आपल्याकडच्या उन्हात त्या चौकोनाकडे सतत लक्ष ठेवायचे, बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची आणि निघताना दारावर खडूने नोंद करायची. अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि पुढे आशा यांनी वर्षानुवर्षे, फेरीमागून फेरी हे केले.

बीड जिल्ह्यात तर याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे टोळी करून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. घराला कुलूप असते. मूल फडावर गेले की आजीकडे ठेवले आहे, डोस इथे झाला की तिथे व्हायचा आहे, हे आशाताईंच्या वहीत लिहिलेले असते. ती वही एकदा मागून पाहा. कुणाची उचल कोणत्या मुकादमाकडे आहे आणि कोण कोणत्या कारखान्यावर गेले, याची इतकी पक्की माहिती तलाठ्याच्या दप्तरातही सापडायची नाही.

साडी अवश्य घ्या. भाऊबीज म्हणून दिली तर त्यांनाही घेताना जड जाणार नाही. त्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्धे पान लिहा : रात्री किती वाजता निरोप दिला, त्या किती वेळात आल्या, रुग्णालयात किती वेळ थांबल्या. त्या पत्राची एक झेरॉक्स आशाताईंनाही द्या. आणि दिरांना एक विनंती करा. आशा आणि गटप्रवर्तक जेव्हा तालुक्याला मोर्चा काढतात, तेव्हा ‘यांचे नेहमीचेच आहे’ असे पारावर बसून म्हणू नये.

प्रश्न : मी राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. २१ एप्रिल हा नागरी सेवा दिन का पाळतात? त्या दिवशी सामान्य नागरिकाने काही करावे अशी अपेक्षा असते का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : २१ एप्रिल १९४७ रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांनी दिल्लीतील मेटकाफ हाऊस येथे भारतीय प्रशासकीय सेवेच्या प्रशिक्षणार्थींसमोर भाषण केले होते, त्याची ही आठवण असून २००६ पासून हा दिवस पाळला जातो. त्या दिवशी उत्कृष्ट कामाचे पंतप्रधान पुरस्कार दिले जातात. नागरिकाकडून काही अपेक्षा नसते. तो प्रशासनाने स्वतःसाठी ठेवलेला दिवस आहे.

तुम्ही लातूरचे आहात म्हणून एक सुचवतो. मार्च २०१६मध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ ही पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या गाडीवर फलक कुणाकुणाचे लागले, हे शहराला आठवते. मिरजेत वाघिणी भरणारे, गाडी चालवणारे, लातुरात त्या रिकाम्या करणारे आणि पुढे टँकरवर उभे राहून प्रभागाप्रभागांत पाणी वाटणारे पालिकेचे कर्मचारी कोण होते, हे विचारले तर कुणाला सांगता येईल? परीक्षेच्या मुलाखतीत ‘लातूरची जलदूत’ हा विषय निघाला, तर त्यांच्यापैकी एखाद्याशी बोलून आलेला उमेदवार वेगळा उठून दिसेल. त्या माणसालाही कुणीतरी विचारायला आले याचे समाधान वाटेल.

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात काम केलेले अनेक कार्यकर्ते आता वयोवृद्ध झाले आहेत, काही गेले. त्यांतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यासाठी पद्म पुरस्काराचा प्रयत्न करावा, असे आम्हा मित्रांना वाटते. तो कसा करावा? आणि पुरस्कार मिळाला नाही तर बाकीच्यांचे काय?
— एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पद्म पुरस्कारांसाठी कोणताही नागरिक केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर नामनिर्देशन करू शकतो. त्यासाठी आमदार-खासदारांचे शिफारसपत्र लागत नाही. कार्याची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची असते. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सेवेत असलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांचा विचार होत नाही आणि मरणोत्तर पुरस्कार सहसा दिला जात नाही, म्हणून उशीर करू नका. मराठवाड्यातील कामाकडे दिल्लीचे लक्ष जात नाही, असे म्हणून गप्प बसण्याचेही कारण नाही. लातूरच्या डॉ. अशोक कुकडे यांना २०१९मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील शब्बीर सय्यद यांना गोसेवेसाठी पद्मश्री मिळाली आहे.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, माती-दगडाच्या जाड भिंती आणि माळवदाची धाबी अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. त्यानंतरचे बचावकार्य आणि लष्कराचे जवान यांचे फोटो सर्वांनी पाहिले आहेत. पुढची काही वर्षे मात्र कॅमेऱ्यांविना गेली. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. त्याखेरीज शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. कुणाचे घर कुठल्या आकारमानाचे, वारस कोण, भावाभावांत वाटणी झाली होती की नव्हती, प्लॉट कुणाच्या शेजारी हवा, अशा हजार भानगडी होत्या. त्यासाठी गावातल्याच बायकांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून उभे करण्यात आले. डोक्यावरचा पदर सावरत इंजिनिअरला ‘कोपऱ्यात सळई कुठे आहे?’ असे विचारणाऱ्या या बायका त्यावेळी गावाला नवलाच्या वाटत. आज त्या साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या नातवंडांनाही हे ठाऊक नसेल.

तेव्हा पुरस्काराचा अर्ज करा, पण त्यापाठोपाठ एक यादीही करा. प्रत्येक पुनर्वसित गावात दोन तरुणांनी बसून १९९३ ते १९९८ या काळात कोणी काय केले, हे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे : पंगतीचे रेशन कोणी सांभाळले, अनाथ मुलांची नावे कोणी लिहून ठेवली, तहसीलच्या फेऱ्या कोणी मारल्या, वायरमन कोण होता, पत्र्याच्या शाळेत पहिला वर्ग कोणत्या गुरुजींनी घेतला. ते लिहून काढून त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक शाळेत आणि एक तालुक्याच्या महाविद्यालयातील इतिहास विभागात ठेवावी. ज्याचे नाव घ्याल, त्याच्या घरी जाऊन ते पान त्याला वाचून दाखवा. त्यात काही चुकले असेल तर तो सांगेल, आणि बहुधा स्वतःपेक्षा दुसऱ्याच कुणाचे नाव घाला म्हणेल, तेही घाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अनेक साध्या कार्यकर्त्यांच्या आठवणी अशा वेळेत लिहून न घेतल्यामुळे त्यांच्याबरोबरच गेल्या. भूकंपाच्या बाबतीत अजून विचारता येईल अशी माणसे आहेत.

प्रश्न : तुमच्या सदरात आभाराविषयी लिहिणार असल्याचे वाचले. आमच्या येथे एका कार्यालयात पैशाशिवाय कागद हलत नाही. तिथल्या एकट्या शिपायाने आजवर कुणाकडून रुपया घेतला नाही, उलट लोकांना कोणता अर्ज कुठे द्यायचा ते सांगतो. आम्ही सर्वांविरुद्ध लेखी तक्रार करणार आहोत. त्यातच या माणसाचे कौतुक लिहावे का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : तक्रार जरूर करा. लाचेची मागणी होत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे आणि पैसे देण्यापूर्वी तिथे जावे, नंतर नाही. शिपायाचे नाव मात्र त्या अर्जात घालू नका. सर्वांविरुद्धच्या अर्जात एकाचेच कौतुक छापले गेले, तर माहिती यानेच पुरवली असा समज त्या खोल्यांत पसरेल आणि उद्यापासून त्याचे रजेचे अर्ज अडतील. तक्रारीचा निकाल लागू द्या. त्यानंतर काही महिन्यांनी, त्या प्रकरणाचा उल्लेखही न करता, तो लोकांना कशी वाट दाखवतो एवढेच लिहून कार्यालयप्रमुखांना स्वतंत्र पत्र द्या. तोपर्यंत तिथे नवे प्रमुख आलेले असतील तर अधिकच चांगले.